‘कोर्ट’मधला वकील घर कसं चालवतो?

चैतन्य ताम्हाणेचा ‘कोर्ट’ मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा लॉ कॉलेजात होते. हॉस्टेलची खोली, एक लॅपटॉप, चौघीजणी. बचावाचा वकील विनय व्होरा आमचा हीरो होता आणि सरकारी वकील नूतन व्हिलन. आता सनद मिळून चार वर्षं झालीत. परवा शिवाजीनगर कोर्टात दिवसभर ताटकळून, फक्त पुढची तारीख घेऊन घरी आले आणि पिक्चर पुन्हा लावला. या वेळी डोक्यात एकच प्रश्न होता: या माणसाचं भागतं कसं?

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. शाहीर नारायण कांबळेंचं गाणं ऐकून एका सफाई कामगारानं मॅनहोलमध्ये उतरून आत्महत्या केली, असा आरोप आहे. कांबळेंची भूमिका वीरा साथीदार यांनी केलीय. केस विनय लढवतो. २०१४ साली व्हेनिसला गाजलेल्या या चित्रपटाचं कौतुक बहुतेक वेळा न्यायव्यवस्थेच्या संथपणाबद्दल होतं. तो संथपणा खराच आहे. पण कोर्ट उठल्यावर कॅमेरा दोन्ही वकिलांच्या मागे घरापर्यंत जातो, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

नूतन लोकलनं जाते. मुलाला घेते, स्वयंपाक करते, जेवणं आटोपल्यावर केसचे कागद काढते. विनय गाडीत जॅझ ऐकतो, सुपरमार्केटमधून चीज आणि वाईन घेतो. कांबळेंच्या जामिनाचे पैसे भरायचे तर तेही तोच भरतो. त्याचा खर्च आपल्याला दिसतो, कमाई दिसत नाही. फी मागताना तो एकदाही दिसत नाही.

खासगी प्रॅक्टिस करणाऱ्याला हे लगेच खटकतं. आमचा अर्धा दिवस कोर्टात जातो आणि उरलेला अर्धा ‘साहेब, पुढच्या तारखेला देतो’ हे ऐकण्यात. मी ज्युनिअर म्हणून लागले तेव्हा सीनिअर महिन्याला जे द्यायचे, त्यात खोलीचं भाडंही निघत नव्हतं. ज्युनिअरला शहरात किमान २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार द्यावेत, असं बार कौन्सिल ऑफ इंडियानं २०२४ मध्ये सुचवलं. सुचवलं, बंधनकारक केलं नाही. अशा धंद्यात पहिली पाच वर्षं कोण टिकतं? ज्याच्या घरून पैसे येतात तो.

ताम्हाणेला हे कळत नाही असं मी म्हणणार नाही. विनयच्या तत्त्वांखाली पैशाची जमीन आहे, हे तो चीजच्या पाकिटातून सांगतोच. माझी तक्रार वेगळी आहे. नूतनची वकिली तो नोकरी म्हणून दाखवतो, दमवणारी, रोजची. विनयची वकिली मात्र स्वभावासारखी दिसते. त्यामुळे बघणाऱ्याला वाटतं, गरिबांच्या केसेस घ्यायला फक्त चांगलं मन लागतं.

एका प्रसंगात मात्र पिक्चर स्वतःच हे मोडतो. मृत कामगाराची बायको साक्ष देते. नंतर विनय तिला गाडीनं घरी सोडतो आणि पैसे देऊ करतो. ती पैसे घेत नाही, काम असेल तर सांगा म्हणते. त्याच्याकडे पैसे आहेत, काम नाही. हॉस्टेलमध्ये हा सीन आम्हाला त्याच्या चांगुलपणाचा वाटला होता. आता तो तिचा वाटतो. त्या गाडीत कष्टाचा हिशोब नेमका तिलाच माहीत आहे.

मी सरकारी वकिलाच्या परीक्षेचा फॉर्म भरलाय. म्हणजे नूतनची खुर्ची. ‘वीस वर्षं आत टाका आणि संपवा’ अशा थाटात ती बोलते, तेव्हा कॉलेजात आम्ही तिला शिव्या घातल्या होत्या. ते बोलणं आजही तितकंच भयंकर वाटतं. पण महिन्याच्या एक तारखेला पगार जमा होणं काय असतं, हेही मला आता समजतं. माझ्याकडच्या अकरा केसेसपैकी चार जणांनी अजून एक रुपया दिलेला नाही. परीक्षा पास झाले तर त्यांचे वकालतनामे कुणाकडे द्यायचे, हे मी अजून ठरवलेलं नाही.