अजिंठ्याच्या राजकन्येला परकी मोजपट्टी

अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील ‘मरणासन्न राजकन्या’ जळगाव-धुळ्याच्या शिक्षकांना सहलीमुळे परिचित आहे. हे नाव रूढ झाले ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधील जॉन ग्रिफिथ्स यांच्यामुळे. १८७२ ते १८८५ या काळात त्यांनी विद्यार्थ्यांकडून या भित्तिचित्रांच्या नकला करवून घेतल्या. फ्लॉरेन्सच्या चित्रकाराने रेखाटन अधिक चांगले केले असते, व्हेनिसच्या चित्रकाराने रंग. पण याहून अधिक भाव कोणालाच आणता आला नसता, असा त्यांचा अभिप्राय. गौरव खरा, पण तीनपैकी दोन विषयांत गुण कापलेले!

ही मोजपट्टी तपासून पाहू. लिओनार्दोने १४९० च्या सुमारास चेचिलिया गाल्लेरानीचे चित्र अक्रोडाच्या फळीवर तैलरंगांत रंगवले. तेल सावकाश वाळते, म्हणून छटा एकमेकींत विरघळवता येतात. एका बाजूने प्रकाश, दुसरीकडे सावली. त्यातून चेहरा गोलाई घेतो. अजिंठ्यात बेसाल्टवर भुसा-गवत मिसळलेल्या मातीचा गिलावा, त्यावर पांढरा पातळ थर आणि तो वाळल्यावर चिकट द्रव्यात कालवलेले खनिज रंग. हे रंग चटकन वाळतात. येथे गोलाई येते ती ठाम रेषेने आणि कडेकडे गडद होणाऱ्या रंगाने. प्रकाश कोणत्या बाजूचा, हा प्रश्नच येथे गैरलागू आहे. (हिरवा रंग बेसाल्टच्या पोकळ्यांतील सेलाडोनाइटचा. आपल्याकडच्या दगडखाणींत तो वर्गाला दाखवता येईल.)

रंगांची तुलना तर आज आणखी अवघड झाली आहे. नकला करताना रंग उठून दिसावेत म्हणून काही चित्रांवर वार्निश चढले. १९२०-२२ मध्ये निजाम सरकारने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी चित्रे टिकावीत म्हणून लाखेचा लेप दिला. हे थर पुढे पिवळे पडले.

पण माझा मुख्य आक्षेप नावाला आहे. अभ्यासकांच्या मते ही बुद्धाच्या सावत्र भावाची, नंदाची, पत्नी सुंदरी. पतीने प्रव्रज्या घेतल्याचे कळताच ती कोसळली आहे. चेचिलियाच्या चित्रापुढे ‘ही कोण?’ असे विचारावे. येथे ‘काय घडले?’ असे विचारावे लागते. झुकलेली मान, मिटत आलेले डोळे, सावरणारी दासी, हे सारे त्याचे उत्तर आहे. ग्रिफिथ्सना भाव दिसला, कारण दिसले नाही. नंदाचा मुकुट घेऊन आलेला सेवक त्याच प्रसंगात उभा आहे. विद्यार्थ्यांना आधी तो शोधायला सांगावे.