साठ की आठ? कॅमेऱ्याबरोबर येणाऱ्या आवाजाची परीक्षा

सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी परमवीरसिंग सैनी विरुद्ध बलजितसिंग या प्रकरणात देशातील सर्व पोलीस ठाण्यांसाठी एक महत्त्वाचा आदेश दिला. प्रवेशद्वार, कोठडी, व्हरांडा, निरीक्षकाची खोली अशा ठिकाणी कॅमेरे हवेत, अंधारातही दिसायला हवे आणि चित्राबरोबर आवाजही नोंदला गेला पाहिजे, असे त्यात सांगितले आहे. हे मुद्रण १८ महिने ठेवायचे. बाजारातल्या यंत्रांची तेवढी क्षमता नसेल तर जास्तीत जास्त काळ, पण १ वर्षापेक्षा कमी नाही. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर येथील पोलीस ठाणी ठाणे पोलीस आयुक्तालयात मोडतात. त्यांनाही हा आदेश अर्थातच लागू आहे.

आदेशाचा हेतू चांगला आहे, पण विज्ञानाच्या दृष्टीने त्यात एक उणीव राहिली आहे. आवाज नोंदला जावा असे म्हटले आहे; तो किती स्पष्ट असावा याचे माप दिलेले नाही. माप नसले की खरेदीच्या वेळी आवाज ही कॅमेऱ्याबरोबर मिळणारी फुकटची वस्तू ठरते. कागदावर ‘आवाजाची सोय आहे’ अशी खूण होते आणि प्रश्न मिटतो.

तो खरोखर मिटतो का? उल्हासनगरच्या हिल लाइन पोलीस ठाण्यात २ फेब्रुवारी २०२४ रोजी अधिकाऱ्याच्या दालनातच गोळीबार झाला आणि कॅमेऱ्याचे चित्रण राज्यभर पाहिले गेले. कोण कोठे होते, कोण उठले, हे चित्र दाखवू शकते. पण खोलीत आधी काय बोलणे झाले, धमकी कोणी दिली, समजूत कोणी घातली, हे कोणत्याही चित्रावरून कळत नाही. ते फक्त आवाज सांगू शकतो. कोठडीतल्या माणसाच्या तक्रारीबाबत तर हे अधिकच खरे आहे. अशा वेळी ऐकू न येणारा आवाज असला काय आणि नसला काय, सारखेच!

आता या फुकटच्या आवाजाची परीक्षा घेऊ. आवाज संगणकीय रूपात नोंदताना त्याच्या लहरीची उंची ठरावीक अंतराने मोजतात. या मोजणीला नमुने घेणे म्हणतात. सेकंदाला जितके नमुने, त्याच्या निम्म्या वारंवारतेपर्यंतच आवाज जपला जातो, हा मूलभूत नियम आहे. अनेक साध्या कॅमेरा-संचांत जुन्या टेलिफोनप्रमाणे सेकंदाला ८,००० नमुने घेतात. म्हणजे ४,००० हर्ट्झच्या वरचे सारे गेले. स्वर खालच्या पट्ट्यात असतात, म्हणून कोणीतरी बोलते आहे हे नीट कळते. ‘स’ या वर्णाची बहुतेक शक्ती मात्र ४,००० ते ८,००० हर्ट्झ आणि त्याहून वर असते. तो वर्ण पुसट होतो आणि वर पंख्याची घरघर मिसळली की नाहीसाच होतो. मग ‘साठ हजार’ आणि ‘आठ हजार’ यांत फरक कसा करायचा? ‘सात’ की ‘हात’? फोनवर नाव सांगताना आपण ‘सशातला स’ असे का सांगतो, त्याचे कारण हेच आहे.

दुसरा दोष अंतराचा. कॅमेरा छताजवळ असतो, कारण त्याला सगळी खोली दिसायला हवी. त्याचा मायक्रोफोनही मग तेथेच राहतो. मोकळ्या जागेत ध्वनीची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. बोलणाऱ्यापासून ३० सेंटीमीटरवरचा मायक्रोफोन ३ मीटरवर नेला तर अंतर १० पट होते आणि थेट येणारा आवाज १०० पटींनी क्षीण होतो. भिंतींवरून परतणारा आवाज आणि छताच्या पंख्याचा आवाज मात्र तसे घटत नाहीत. उलट पंखा मायक्रोफोनच्या शेजारीच असतो. डोळ्यासाठी योग्य असलेली जागा कानासाठी अगदी अयोग्य ठरते.

यावर चांगली सोय नाही असे नाही. न्यायालये, सभागृहे, महाविद्यालये यांत कायम बसवण्यासाठी वेगळे ध्वनिमुद्रक मिळतात. टॅस्कॅमसारख्या कंपन्या ते बनवतात. ते रॅकमध्ये, म्हणजे १९ इंच (४८२.६ मिलिमीटर) रुंदीच्या लोखंडी सांगाड्यात, स्क्रूने घट्ट बसतात. उंचीचे एकक ‘यू’, म्हणजे ४४.४५ मिलिमीटर, असे बरेच ध्वनिमुद्रक एकाच यूमध्ये मावतात. मायक्रोफोन टेबलावर, बोलणाऱ्याजवळ ठेवता येतो, कारण त्याची समतोल जोडणीची केबल लांब असली तरी चालते. तिच्या दोन तारांतून एकच आवाज उलटसुलट जातो. वाटेत विजेच्या तारांची गुणगुण दोन्हींत सारखीच शिरते आणि शेवटी वजाबाकीत निघून जाते. सेकंदाला ४८,००० नमुने घेता येतात. काही यंत्रे एकाच वेळी दोन कार्डांवर लिहितात. एक बिघडले तरी दुसरे शिल्लक राहते.

पण या यंत्रांचीही नुसती स्तुती करून चालणार नाही. ती मुख्यतः काही तासांच्या सभेसाठी बनवलेली असतात, अहोरात्र चालणाऱ्या ठाण्यासाठी नव्हे. १६ बिटांचे ४८,००० नमुने म्हणजे एका मायक्रोफोनमागे दिवसाला सुमारे ८.३ गीगाबाइट. ३२ गीगाबाइटचे कार्ड चार दिवसही पुरत नाही. म्हणून मुद्रण रोज मोठ्या साठ्यात हलवावे लागते. तसेच कॅमेऱ्याचे आणि ध्वनिमुद्रकाचे घड्याळ एकमेकांशी जुळले नाही, तर चित्र एका वेळचे आणि बोलणे दुसऱ्या वेळचे, असा घोटाळा होतो.

खर्च परवडणार नाही, हा आक्षेप मात्र गणितापुढे टिकत नाही. केवळ बोलणे जपायचे तर १६,००० नमुने पुष्कळ झाले. ८,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज त्यात येतो. दिवसाला सुमारे २.८ गीगाबाइट, १८ महिन्यांना दीड टेराबाइट. याउलट सेकंदाला २० लाख बिटांनी नोंदलेले साधे चित्रच दिवसाला २१.६ गीगाबाइट जागा घेते. चित्रासाठी एवढी जागा द्यायची आणि तिचा आठवा भाग आवाजाला नाकारायचा, यात कोणती काटकसर झाली?

पुराव्याच्या कसोट्याही हेच सांगतात. १९८५ साली रामसिंग विरुद्ध कर्नल रामसिंग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिमुद्रित पुराव्याच्या अटी सांगितल्या. आवाज कोणाचा हे ओळखता यावे, त्यात फेरफार झालेला नसावा, तो सुरक्षित जपलेला असावा आणि इतर गोंगाटात न हरवता स्पष्ट ऐकू यावा. जालन्यात २०१४ साली उमेदवारी अर्ज दुपारी ३ च्या आत आले की नंतर, हा वाद कार्यालयातल्या चित्रणापर्यंत गेला. त्या खटल्याच्या १४ जुलै २०२० च्या निकालात अशा मुद्रणाच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र आवश्यक ठरले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात या प्रमाणपत्रात ‘हॅश’ हा आकडाही लिहावा लागतो. मुद्रणातला एक बिट बदलला तरी हा आकडा बदलतो. परंतु हॅश फक्त एवढेच सांगतो की मुद्रण बदललेले नाही. मुळातच ऐकू न येणारे ‘साठ’ तो परत आणू शकत नाही.

आपल्या भागासाठी आणखी एक गोष्ट. २६ जुलै २००५ ला वालधुनीचे पाणी उल्हासनगरात शिरले. २७ जुलै २०१९ ला उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणी दरम्यान अडकली. तेव्हा हा रॅक तळमजल्यावर जमिनीलगत ठेवणे म्हणजे वर्षाची नोंद एका रात्रीत गमावण्याची तयारी!

शिक्षकांचा या विषयाशी थेट संबंध आहे. बदलापूरच्या घटनेनंतर ऑगस्ट २०२४ मध्ये शासनाने शाळांना कॅमेरे बसवण्याचे आदेश दिले आणि चित्रण नियमित तपासण्याची जबाबदारी मुख्याध्यापकांवर टाकली. अशा वेळी विक्रेता ‘आवाजही येतो’ असे सांगेल. तो घ्यावा का? वर्गात मुले चुकत बोलतात, भांडतात, मनातले सांगतात. तेथे कायमचा कान लावणे योग्य नाही. पोलीस ठाण्यात सत्तेपुढे एकटा उभा असलेल्या माणसाला आवाजाची नोंद संरक्षण देते. वर्गात तीच नोंद मुलांना गप्प करील. पोलीस ठाण्यांबाबतच्या आदेशातही कॅमेरे असल्याचे फलक स्थानिक भाषेत लावायला सांगितले आहे, हे लक्षात घ्यावे. नोंद चोरून करायची नसते.

हा सारा विषय एका तासिकेत तपासता येईल. ‘साठ, आठ, सात, हात’ असे २० शब्द उलटसुलट क्रमाने लिहा. एका विद्यार्थ्याने ते वाचावेत. मोबाइल एकदा ३० सेंटीमीटरवर आणि एकदा पंखा चालू ठेवून ३ मीटरवर ठेवून मुद्रण करा. ध्वनिसंपादनाच्या एखाद्या प्रणालीत दोन्हींच्या ८,००० नमुन्यांच्या प्रती काढा. दुसऱ्या वर्गातल्या मुलांना ऐकू आले ते लिहायला सांगा आणि चुका मोजा. पोलीस ठाणे असो की सभागृह, यंत्र विकत घेण्यापूर्वी त्याच खोलीत, पंखा चालू ठेवून, हीच चाचणी घ्यावी आणि चुकांची मर्यादा निविदेत लिहावी. न्यायालयाच्या आदेशात जे माप राहून गेले, ते एवढेच आहे.