निखळणारा अनुस्वार : रेडियमच्या पाटीवरची देवनागरी

पाट्यांविषयी मराठीत जे लिहिले गेले ते बहुतेक मजकुराविषयी. पुणेरी पाटीतला तिरकसपणा, दुकानांच्या नावांतल्या गमती, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका यांवर आपण हौसेने लिहितो. पाटीवरचे अक्षर कोणत्या साधनाने उमटले, ते कोणी निवडले आणि त्या साधनाने अक्षराचे काय केले, हे प्रश्न मात्र समीक्षेच्या वाटेला फारसे येत नाहीत. छापील अक्षराचे तसे नाही. जावजी दादाजींच्या निर्णयसागरपासूनचा टायपांचा इतिहास आपण सांगतो, बापूराव नाईकांनी १९७१ साली देवनागरीच्या मुद्राक्षरांचा मोठा अभ्यास सिद्ध केला, कमल शेडग्यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी घडवलेली शीर्षकाक्षरे रसिकांना आजही आठवतात. पण वर्षभरात एकही पुस्तक न उघडणारा माणूससुद्धा दिवसाकाठी शंभर पाट्या वाचतो. त्यांतल्या अनेकांवरची अक्षरे विनाइलच्या पातळ पापुद्र्यातून कापलेली असतात. त्या अक्षरांचे वाचन करणे हा या लेखाचा हेतू आहे.

रेडियम नावाचे विनाइल

बोलीत या वस्तूला ‘रेडियम’ म्हणतात. तिच्यात रेडियम हे मूलद्रव्य नावालाही नाही. अंधारात चमकणाऱ्या घड्याळांवरून आलेला हा शब्द आधी गाड्यांवरच्या परावर्तक पट्ट्यांना चिकटला आणि मग कापून चिकटवायच्या साऱ्याच रंगीत पापुद्र्यांना. मूळ पदार्थ पीव्हीसी, मागे गोंद, त्याखाली मेणकट कागद. संगणकाच्या आज्ञेवरून विनाइलमधून अक्षरे कापणारे यंत्र अमेरिकेतल्या गर्बर कंपनीने १९८३ साली बाजारात आणले. पुढे त्याच जातीची स्वस्त यंत्रे आपल्याकडच्या गल्लीबोळांत पोचली आणि पेंटरच्या दुकानाशेजारी रेडियमवाल्याची टपरी उभी राहिली. १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना कारखान्यातूनच उच्च सुरक्षा नंबरप्लेट येऊ लागली, तेव्हा या टपऱ्यांचे एक हुकमी काम गेले. उरले ते दुकानांचे फलक, दवाखान्यांच्या काचा, सोसायट्यांच्या नावपाट्या. म्हणजे नेमके ते काम, ज्यात मराठी शब्द लागतात.

विनाइल दोन जातींचे. तापल्या रुळांमधून लाटून काढलेले ‘कॅलेंडर्ड’, आणि द्रवरूपात पसरून वाळवलेले ‘कास्ट’. पहिले जाड आणि स्वस्त, उन्हात साधारण तीन ते पाच वर्षे टिकणारे. दुसरे पन्नास मायक्रॉनच्या आसपास पातळ, महाग, सात वर्षे किंवा त्याहून अधिक निभावणारे. लाटताना पडलेला ताण कॅलेंडर्ड विनाइल विसरत नाही. ऊन लागले की ते आक्रसू लागते आणि अक्षराच्या कडेने गोंदाची काळपट रेघ दिसू लागते. टपरीवर बहुधा हीच जात असते, आणि देवनागरीचे दैव तिच्याशी बांधलेले असते.

शिरोरेषा आणि टिंब

रोमन शब्द कापला की सुटी अक्षरे हाती येतात. देवनागरी शब्द शिरोरेषेमुळे एकसंध पट्टी होऊन येतो. हे कारागिराच्या सोयीचे आहे. वरची रेघ सरळ लागली की शब्द सरळ लागतो, अक्षरांतले अंतर हाताने जुळवावे लागत नाही. पण त्याआधी संगणकावर एक काम करावे लागते. फॉन्टमधले प्रत्येक अक्षर आपला शिरोरेषेचा तुकडा घेऊन येते आणि हे तुकडे एकमेकांवर चढलेले असतात. ते आधी एकजीव केले नाहीत, ज्याला या धंद्यात ‘वेल्ड’ करणे म्हणतात, तर यंत्राची सुरी प्रत्येक सांध्यावर चीर पाडते. वर्षभरात त्या चिरांत धूळ भरते आणि शब्दाच्या कपाळावर आठ्या पडल्यासारखे दिसते.

एकजीव केलेल्या शिरोरेषेलाही जाच आहेच. लांब फलकाचा मजकूर सहसा गुंडाळीच्या लांबीच्या दिशेने कापतात आणि कॅलेंडर्ड विनाइल त्याच दिशेने अधिक आक्रसते. सुट्या रोमन अक्षरांत हे आक्रसणे वाटले जाते. देवनागरीत सारा शब्द एका रेघेला टांगलेला असल्याने ताण टोकांवर गोळा होतो आणि शिरोरेषेची टोके सुटायला लागतात.

सर्वांत आधी जातो तो अनुस्वार. कारण साधे आहे : त्याचा आकार सर्वांत लहान, म्हणून गोंदाची पकड सर्वांत थोडी. नको असलेले विनाइल सोलून काढताना तो नखाबरोबर निघून येतो. तेव्हा वाचला तर फलक पुसणाऱ्याच्या फडक्याला लागून जातो. रोमन लिपीत छोट्या ‘आय’वरचे टिंब गेले तरी शब्द वाचता येतो. मराठीत टिंब म्हणजे एक उच्चार आहे. ‘चिंच’चे ‘चिच’ होते, ‘संत’चे ‘सत’ होते आणि ‘मंदिर’ एका कान्याने मदिरेपासून दूर राहते. शुद्धलेखनाच्या ज्या चुकांबद्दल आपण दुकानदाराला हसतो, त्यांतल्या काही त्याने केलेल्याच नसतात. त्या गोंदाने केलेल्या असतात.

‘भाऊ’चे ‘माऊ’

दुसरी इजा अधिक बारीक आहे. ‘ध’ आणि ‘घ’, ‘भ’ आणि ‘म’ या जोड्यांतला भेद शिरोरेषेतल्या एका लहानशा खंडावर आणि अक्षराच्या सुरुवातीच्या गाठीवर उभा आहे. बोरूने लिहिणाऱ्याला आणि ब्रशने रंगवणाऱ्या पेंटरला तो खंड ठाऊक होता. अक्षर जाड करायचे असले तरी तेवढी जागा तो राखून ठेवी. रेडियमवाला अक्षर उठून दिसावे म्हणून त्याभोवती दुसऱ्या रंगाची किनार देतो. किनार चारी बाजूंनी सारखी वाढते, खंड बुजतो, गाठ भरून जाते. मग पलीकडच्या पदपथावरून ‘भाऊ’ हा ‘माऊ’ दिसतो आणि ‘धन’ हे ‘घन’ होते. यंत्राने आज्ञा बिनचूक पाळलेली असते. आज्ञा देणाऱ्याने ते अक्षर केवळ एक आकार मानलेले असते, इतकेच.

फॉन्टची निवडही अशीच होते. अनेक टपऱ्यांवरच्या संगणकांत युनिकोडपूर्व काळातले फॉन्ट आहेत. गिऱ्हाईक मोबाइलवर युनिकोडमध्ये मजकूर पाठवते, तो तसाच जुन्या सॉफ्टवेअरमध्ये उतरला की पहिली वेलांटी पुढच्या अक्षरावर जाऊन बसते आणि जोडाक्षरे पाय मोडून उभी राहतात. यातून सुटले तर हिंदी वळणाचा फॉन्ट वाट्याला येतो. मराठीचा ‘ल’ पाकळीचा आणि ‘श’ देठाचा. राज्य शासनाने २००९ साली प्रमाणीकृत वर्णमालेत ही वळणे निश्चित केली आणि २०२२ मध्ये पुन्हा सांगितली. तरी ‘लक्ष्मी’ आणि ‘शारदा’ महाराष्ट्रातल्याच फलकांवर परक्या वळणाने उभ्या असतात. ‘दऱ्या’तला चंद्रकोरी र हरवला की ‘दर्या’ होतो, म्हणजे डोंगरातून थेट समुद्रात.

उंची कोणाची मोजायची?

या तपशिलांना आता कायद्याचा संदर्भ आला आहे. महाराष्ट्रातील दुकाने व आस्थापनांविषयीच्या २०१७ च्या अधिनियमात २०२२ साली दुरुस्ती झाली. दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांनाही देवनागरी लिपीतला मराठी फलक बंधनकारक झाला आणि मराठी अक्षर इतर लिपीतल्या अक्षरापेक्षा लहान असू नये, असे ठरले. व्यापाऱ्यांनी आव्हान दिले. सर्वोच्च न्यायालयाने २५ सप्टेंबर २०२३ रोजी पाट्या बदलण्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. मुंबईत त्या दोन महिन्यांत जी मराठी लागली, तिच्यात पेंटरच्या ब्रशाला वाव थोडाच होता.

कायद्याचा हेतू रास्त आहे. पण अक्षराचा आकार म्हणजे नेमके काय? रोमन कॅपिटल अक्षर आपली सगळी उंची अंगाला लावते. सहा इंचांचे अक्षर म्हणजे सहा इंचांचे अंग. देवनागरीत वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार. ‘मूर्ती’ हा शब्द सहा इंचांत बसवा. ‘म’च्या वाट्याला साधारण तीन-साडेतीन इंच उरतात. फलकाच्या धंद्यात एक ढोबळ नियम आहे : दहा फूट अंतरामागे एक इंच अक्षर. तो रोमन कॅपिटलवरून बांधलेला आहे. चाळीस फुटांवरून चार इंचांचे रोमन अक्षर नीट वाचता येते, पण चार इंचांतली ‘मूर्ती’ तशी वाचता येत नाही. टेपने मोजणाऱ्या अधिकाऱ्याच्या दृष्टीने दोन्ही समान. वाचणाऱ्याच्या डोळ्याला मराठी दुय्यमच राहिली.

याहून वाईट म्हणजे दाबलेले अक्षर. उंची तर भरायची, पण रुंदी इंग्रजी नावाने आधीच खाल्लेली. मग मराठी शब्द दोन्ही बाजूंनी दाबला जातो. अशा दाबण्यात उभे दंड बारीक होतात, शिरोरेषा मात्र तितकीच जाड राहते. देवनागरीचा तोल असा उलटला की अक्षर काठ्यांवर ठेवलेल्या तुळईसारखे दिसते. कायदा पाळला गेला. मराठी भिंतीवर आली, आणि वाचकाने तिच्याकडे पाहणे टाळले.

निवडीचा प्रश्न

याचा अर्थ पेंटरचा काळ सोन्याचा होता असा काढू नये. रंगवलेल्या पाट्यांतही बेढब अक्षरे पुष्कळ होती आणि चांगला पेंटर प्रत्येकाला परवडत नसे. विनाइलने लहान दुकानदाराला थोड्या पैशांत रेखीव कड दिली, हे खरेच. हनीफ कुरेशींनी ‘हँडपेंटेड टाइप’ उपक्रमातून रस्त्यावरच्या पेंटरांची अक्षरे संगणकात जपली, तेव्हा हात आणि यंत्र यांत वैर असायलाच हवे असे नाही, हेही दिसले. पेंटरकडे एक गोष्ट होती जी यंत्राबरोबर विकत मिळाली नाही : शब्द वाचून मग अक्षर ठरवण्याची सवय. तो कोपऱ्यात आपले नाव लिही, म्हणजे अक्षराची जबाबदारी घेई. कापलेल्या विनाइलखाली कोणाचीच सही नसते.

ती जबाबदारी आता निवडणाऱ्यावर आहे आणि ती पार पाडण्याची साधने फुकट मिळतात. ‘एक टाइप’चा मुक्त फॉन्ट ‘मुक्ता’ सात वजनांत आहे. अरुंद जागेसाठी इंडियन टाइप फाउंड्रीचे ‘खंड’ आणि ‘टेको’ मुळातच अरुंद घडवलेले आहेत, त्यांना दाबावे लागत नाही. अनुस्वार निदान दंडाच्या जाडीइतका असावा. किनार देण्याआधी ‘ध’ आणि ‘भ’ मधला खंड रुंद करून घ्यावा. उन्हातल्या फलकाला कास्ट विनाइल घ्यावे. आणि उंची मोजायची तर मात्रा-उकार वगळून ‘म’च्या अंगाची मोजावी, नियम करणाऱ्यांनीही एवढी एक ओळ घालायला हरकत नाही.

मराठी पाटी लागावी यासाठी आपण न्यायालयापर्यंत गेलो. ती वाचता यावी यासाठी टपरीपर्यंत जायला हवे, आणि कापण्यापूर्वी पडद्यावरचा शब्द एकदा मोठ्याने वाचायला हवा.