दकार्गलाध्याय : स्तुति आणि परीक्षा

वराहमिहिराच्या बृहत्संहितेंतील दकार्गल नांवाचा अध्याय अलीकडे वारंवार उल्लेखिला जातो. भूमिगत पाण्याचें शास्त्र आमच्या पूर्वजांस सहाव्या शतकांतच पूर्णपणें अवगत होतें, असें एका पक्षाचें म्हणणें. तर बेडूक, साप आणि वारुळें यांवरून पाणी सांगणारा तो केवळ शकुनाचा भाग होय, असें दुसऱ्या पक्षाचें. मूळ ग्रंथ उघडून पाहण्याचे श्रम दोहोंपैकीं कोणीहि फारसे घेतलेले दिसत नाहींत. ग्रंथ दुर्मिळ आहे असेंहि नाहीं. कर्न यांची आवृत्ति १८६५ सालीं कलकत्त्यास पूर्ण झाली. पुढें भट्टोत्पलाच्या टीकेसह सुधाकर द्विवेदी यांची आवृत्ति १८९५ ते १८९७ या वर्षांत काशीस निघाली. तेव्हां ह्या अध्यायाची योग्यता त्याच्याच शब्दांवरून ठरवावी, एवढाच आमचा हेतु आहे.

प्रथम कर्तृत्वाचा प्रश्न. सारस्वत मुनीचें दकार्गल पाहून आपण आर्यांमध्यें हें लिहिलें, आतां मनूचें मत इतर वृत्तांत सांगूं, असें ग्रंथकार स्वतःच अध्यायाच्या उत्तरभागांत म्हणतो. म्हणजे हा दोन जुन्या ग्रंथांचा संक्षेप झाला. सबब ‘वराहमिहिराचे प्रयोग’ असा जो शब्दप्रयोग रूढ होऊं पाहत आहे, त्यास ग्रंथांत आधार नाहीं. शिवाय मरुदेशांतील शिरा उंटाच्या मानेप्रमाणें असतात, असें सांगून त्या देशासाठीं तो निराळे नियम देतो. देश बदलला कीं नियम बदलतो, हें त्यास मान्य होतें. त्याचा कोणताहि एक श्लोक उचलून वाटेल त्या गांवच्या शिवारास लावणारे मात्र हें विसरतात.

दुसरा प्रश्न परिभाषेचा. ह्या अध्यायांत खोली ‘पुरुष’ ह्या मापानें सांगितली आहे. पुरुष म्हणजे मनुष्याची उंची, असें समजणें चुकीचें होय. हात वर करून उभा राहिलेला मनुष्य, म्हणजेच १२० अंगुलें, असा येथें अर्थ घ्यावयाचा. अंगुल पाऊण इंच धरिल्यास पुरुष साडेसात फुटांचा होतो. साडेपांच फुटांचा पुरुष धरणारा वाचक दोन पुरुषांतच चार फुटांनीं चुकेल. आणि मग पाणी लागलें नाहीं, म्हणून दोष मात्र ग्रंथास देईल.

आतां एक नियम पाहूं. निर्जल प्रदेशांत वेतस असेल, तर त्याच्या पश्चिमेस तीन हातांवर दीड पुरुष खोल पाणी लागेल, असें वचन आहे. दीड पुरुष म्हणजे सव्वाअकरा फूट. ‘निर्जल प्रदेशांत’ हें पद ह्या नियमाचा प्राण होय. पाणथळ जागीं वाढणारें झाड कोरड्या जमिनींत तग धरून असेल, तर त्याच्या मुळांस खालीं पाणी मिळत असलेंच पाहिजे. हा तर्क निर्दोष आहे. अमेरिकेच्या भूविज्ञान खात्यांतील ऑस्कर माइन्झर यांनीं वनस्पतींवरून भूजल ओळखण्यासंबंधीं १९२७ सालीं जो प्रबंध प्रसिद्ध केला, तोहि ह्याच तर्कावर उभा आहे. परंतु वेतस म्हणजे कोणतें झाड? कोणी वेत म्हणतात, कोणी वाळुंज. झाडच निश्चित नसतां नियम खरा कीं खोटा, हें कोण सांगणार? आणि पश्चिमेसच कां, तीन हातच कां, ह्याचें कारण श्लोकांत दिलेलें नाहीं.

ह्याच नियमांत अर्ध्या पुरुषावर पांढुरका बेडूक, मग पिवळी माती, मग पुटभेदक नांवाचा दगड आणि त्याखालीं पाणी, असा क्रम सांगितला आहे. उपहास करणारे बेडकापाशींच थांबतात. वस्तुतः हीं चिन्हें खणण्यापूर्वीं पाहावयाचीं नव्हेत, खणतांना दिसणारीं आहेत. ठिकठिकाणीं बेडूक निघेलच असें आम्हीहि मानीत नाहीं; पण माती आणि दगड यांच्या थरांचा क्रम ध्यानांत ठेवणारी बुद्धि शकुन पाहणाराची नव्हे, विहीर खणणाराची आहे.

येथवर स्तुति रास्त ठरते. आतां उणें कोठें आहे तें सांगितलें पाहिजे. आकाशांतून पडणारें पाणी एकाच रंगाचें व चवीचें असून भूमीच्या भेदानें तें नाना प्रकारचें होतें, असें ह्या अध्यायाच्या आरंभींच म्हटलें आहे. भूजलाचें मूळ पावसांत आहे, ही गोष्ट त्यांत आलीच. ह्याच संहितेच्या प्रवर्षणाध्यायांत एक हात रुंदीचें कुंड मांडून पाऊस मोजण्याची रीति दिली आहे. म्हणजे पावसाचें माप एका अध्यायांत आणि भूमींतील पाणी दुसऱ्या अध्यायांत. परंतु पडलें किती आणि मुरलें किती, असा प्रश्न दोहोंत कोठेंहि विचारलेला नाहीं. फ्रान्सांत पेरो नांवाच्या गृहस्थानें सीन नदीच्या उगमाकडील प्रदेशांत पडणारा पाऊस आणि नदींतून वाहून जाणारें पाणी यांचा हिशेब १६७४ सालीं मांडला, आणि पाऊस सहापट भरतो असें दाखविलें. जलविज्ञान म्हणतात तें ह्या जमाखर्चास. दकार्गल पाण्याची जागा सांगतें. पाणी किती आणि किती दिवस पुरेल, हें सांगत नाहीं.

हा भेद केवळ पंडितांच्या वादाचा नाहीं. आमच्या दख्खनच्या काळ्या कातळांत पाणी सांठतें तें मुरमांत आणि खडकाच्या फटींत. तो सांठा बेताचा असून पावसानेंच भरतो. अशा भूमींत हातावर नारळ ठेवून फिरणारा पाणाड्या जेव्हां ऋषींच्या शास्त्राचा दाखला देतो, आणि शेतकरी कर्ज काढून एकामागून एक विंधन विहिरी पाडतो, तेव्हां ग्रंथाच्या चुकीच्या स्तुतीची किंमत तो शेतकरी देत असतो. नारळाचा किंवा काटकीचा प्रकार दकार्गलांत मुळींच नाहीं, एवढें तरी संस्कृत जाणणारांनीं स्पष्ट सांगावयास हवें.

हस्तलिखितांच्या संग्राहकांस आमची एक विनंति आहे. आपल्या दप्तरांत ह्या अध्यायाचीं सुटीं पानें किंवा त्यावरील मराठी टिपण असेल, तर वनस्पतींच्या नांवांचे पाठ आणि समासांतील देशी पर्याय जसेच्या तसे उतरून घ्यावेत. विहिरींच्या नोंदी सरकारी भूजल खात्यापाशीं आहेत. झाडांचीं नांवें निश्चित करणें हें काम आपलें आहे. दोन्ही शेजारीं ठेविलीं म्हणजे कोणता श्लोक टिकतो आणि कोणता गळतो, हें आपोआप कळेल. प्राचीन ग्रंथाचा खरा आदर त्याच्या परीक्षेंत आहे, असें आम्हांस वाटतें.