प्रक्रमभंग : दोष की साक्ष?

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. ब्राह्मण कुळातून आलेल्या दोन भिक्खूंनी तथागतांकडे तक्रार केली, की नाना जातिकुळांचे भिक्खू आपल्या बोलीने बुद्धवचन बिघडवितात. तेव्हा ते छंदात बांधण्याची अनुज्ञा असावी. तथागतांनी ती नाकारली व स्वतःच्या भाषेत बुद्धवचन शिकण्यास अनुमती दिली. ‘स्वतःची’ म्हणजे मागधी, असा अर्थ बुद्धघोषांनी केला आहे. तथापि तक्रारीचे स्वरूप पाहता आपापली बोली हाच अर्थ आम्हांस सयुक्तिक वाटतो.

हीच तक्रार पुढे काव्यशास्त्रात दोषांची यादी होऊन आली. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त ‘भग्नप्रक्रम’ हा वाक्यदोष मानला आहे. आरंभिलेला क्रम मध्येच मोडणे, हे त्याचे स्वरूप. दुसऱ्याच्या बोलण्याचे अनुकरण असेल, तर मात्र दोष क्षम्य ठरतो.

सातारा-सांगलीकडे सहज कानी पडेल असे एक वाक्य घेऊ : ‘ती म्हातारी, तिचा ल्योक मुंबईला, पर तिला कोण इचारतंय?’ म्हातारी प्रथमा विभक्तीत येते; तिला क्रियापद मिळण्यापूर्वीच लेक पुढे होतो; अखेरीस ती द्वितीयेत उरते. वाक्याचे कर्तेपद तिच्या हातून निसटते. व्याकरण मोडले, परंतु उपेक्षा नेमकी सांगितली गेली. ‘त्या म्हातारीला कोणी विचारत नाही’ या शुद्ध वाक्यात ही घटनाच नाहीशी होते.

सांगली जिल्ह्यातील आटपाडीचे शंकरराव खरात ‘तराळ-अंतराळ’ (१९८१) मध्ये निवेदन बहुतांशी प्रमाण मराठीत ठेवतात. माणदेशी बोली प्रामुख्याने संवादांत येते. शास्त्राने दिलेली अनुकरणाची सवलत येथे पुरेशी आहे. फलटणच्या बेबीताई कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’ (१९८६) ला ती पुरत नाही. तेथे ‘त्या बाया’ म्हणता म्हणता ‘आम्ही’ येते आणि वृत्तान्त सांगता सांगता शिकलेल्या समाजबांधवांना थेट जाब विचारला जातो. हा भंग एका वाक्यापुरता नाही, निवेदनाचाच आहे. आणि तो कुणाचे अनुकरण नसून निवेदिकेचा स्वतःचा आवाज आहे. ज्या जिण्यात ‘मी’ला वेगळी जागाच नव्हती, त्याची ही साक्ष होय.

प्रत्येक मोडलेले वाक्य साहित्यगुण ठरते, असे आमचे म्हणणे नाही. निष्काळजीपणाही असतोच. तसेच ‘रांगडेपणा’ म्हणून सरसकट कौतुक करणे, हा उपेक्षेचाच सभ्य प्रकार होय. कसोटी एकच : वाक्य दुरुस्त केल्यावर अर्थ उरतो की जातो?

हा प्रश्न प्रथम आम्ही स्वतःस विचारला पाहिजे. खेड्यापाड्यांतील उपासक-उपासिकांचे लेखन हाती येताच आमचीही लेखणी सवयीने दुरुस्तीस धावते. त्या क्षणी आपण तक्रार करणाऱ्या त्या दोन भिक्खूंच्या पंक्तीस तर बसत नाही ना, हे पाहणे अगत्याचे आहे.