नाताळातील हौशी नाट्यप्रयोग : एक विचार

इंग्लंड-अमेरिकेत डिसेंबर उजाडला की नाटक व्यावसायिक नाट्यगृहांपुरते उरत नाही. चर्चची सभागृहे, शाळांच्या व्यायामशाळा, गावोगावची लहान नाट्यगृहे यांतून ख्रिस्तजन्माचे आणि नाताळविषयक कथांचे प्रयोग सुरू होतात. एरवी रंगभूमीशी काडीचा संबंध नसलेला सुतार, बँकेतील कारकून, आठ वर्षांची शाळकरी मुलगी ही मंडळी तेवढ्यापुरती मेंढपाळ, राजे आणि देवदूत होतात. संख्येने विपुल अशा या प्रयोगांविषयी समीक्षेच्या भूमिका मात्र सामान्यतः दोनच दिसतात. एक उपेक्षेची : ही कलाच नव्हे, तेव्हा तिची चर्चा कशाला? दुसरी कौतुकाची : मुलांनी आणि शेजाऱ्यांनी हौसेने केले आहे, तेव्हा दोष कशाला काढावेत? या दोन्ही भूमिका वरवर परस्परविरोधी वाटल्या, तरी त्यांचे गृहीतक एकच आहे. हौशी नटाचे अपुरेपण ही केवळ उणीव होय, असे दोघीही मानतात. हे गृहीतकच तपासून पाहणे अवश्य आहे.

मराठी अभ्यासकाला या कामी आपल्याच भाषेतील ‘सोंग’ हा शब्द उपयोगी पडेल. कोकणातील ललितात किंवा जव्हार-मोखाड्याकडील बोहाड्यात देवाचे सोंग घेऊन येणारा माणूस गावाच्या पूर्ण परिचयाचा असतो. मुखवट्याआड कोण आहे हे सर्वांस ठाऊक असते, आणि तरीही त्या सोंगापुढे हात जोडले जातात. परिचित माणूस आणि त्याने धारण केलेले रूप ही दोन्ही प्रेक्षकाला एकाच वेळी दिसतात. एकामुळे दुसरे पुसले जात नाही. या दुहेरी दर्शनावर व्यावसायिक नटाचा हक्क बेताचाच असतो, कारण त्याचे खासगी आयुष्य प्रेक्षकाला सहसा माहीत नसते. हौशी रंगभूमीचे ते स्वाभाविक भांडवल होय. बोहाडा आणि नाताळचे नाटक यांत ऐतिहासिक संबंध आहे असे येथे सुचवावयाचे नाही. अभिप्रेत आहे ते केवळ पाहण्याच्या रीतीतील साम्य.

ही रीत युरोपीय परंपरेच्या मुळाशीच आहे. इटलीतील ग्रेच्चो येथे संत फ्रान्सिसने १२२३ साली खरी गव्हाणी, खरा बैल आणि खरे गाढव आणून ख्रिस्तजन्माचा देखावा उभा केला. पुढे इंग्लंडमधील यॉर्कसारख्या नगरांत कारागिरांच्या श्रेणींनी बायबलमधील प्रसंगांची नाट्यमाला चालविली. हे प्रयोग नाताळात नव्हे, तर उन्हाळ्याच्या तोंडावर येणाऱ्या कॉर्पस क्रिस्तीच्या सणाला होत. म्हणजे नाताळशी त्यांचे नाते विषयाचे होते, ऋतूचे नव्हे. भूमिकांच्या वाटपाची तऱ्हा येथे विशेष लक्षणीय आहे. नोहाच्या तारवाची उभारणी जहाजबांधणी करणाऱ्यांकडे असे आणि सोन्याची भेट आणणाऱ्या मागी लोकांचा प्रसंग सोनारांकडे. नटाचा धंदा भूमिकेत लपविला जात नसून तो भूमिकेच्या अर्थाचाच भाग होत असे. यॉर्कची ही परंपरा १५६९ नंतर खंडित झाली आणि १९५१ साली तिचे पुनरुज्जीवन झाले.

या प्रकारातील सर्वांत समर्थ संहिता म्हणजे वेकफील्डशी परंपरेने निगडित असलेले ‘सेकंड शेफर्ड्स प्ले’ हे नाटक. यातील मेंढपाळ बेथलेहेमचे असले तरी कुडकुडतात ते यॉर्कशायरच्या थंडीत. एक बड्या लोकांच्या जुलमाबद्दल बोलतो, दुसरा संसाराच्या जाचाबद्दल, तिसरा मालकाच्या वागणुकीबद्दल. आणि ख्रिस्त जन्मावयाचा असताना सारेजण ख्रिस्ताच्या शपथा घेतात. ज्या मॅक नावाच्या चोराने त्यांची मेंढी पळविली, त्याची बायको गिल ती मेंढी पाळण्यात ठेवून आपले नवजात मूल म्हणून दाखविते. झडती निष्फळ होऊन मेंढपाळ परततात. पण बाळाला काही दिले नाही हे आठवून ते माघारी वळतात, आणि भेट देण्यासाठी पांघरूण उचलताच लबाडी उघडी पडते. म्हणजे चोरी सापडते ती संशयामुळे नव्हे, औदार्यामुळे. मेंढी चोरणाराला देहान्ताची शिक्षा असण्याच्या काळात ते मॅकला चादरीत घालून उडवितात आणि सोडून देतात. त्यानंतरच देवदूत येतो. खोट्या पाळण्यावरून खऱ्या गव्हाणीकडे जाणारी ही वाट गावच्या माणसाने गावच्याच माणसाचे सोंग घेतल्यावाचून सिद्ध होत नाही. मेंढपाळांचे अडाणीपण झाकणारा सफाईदार प्रयोग या नाटकाचा अर्धा अर्थ गमावून बसेल.

डिकन्सच्या ‘अ ख्रिसमस कॅरल’ची गोष्ट वेगळी आहे. १९ डिसेंबर १८४३ रोजी प्रसिद्ध झालेल्या या कथेची तीन नाट्यरूपे ५ फेब्रुवारी १८४४ या एकाच दिवशी लंडनमध्ये रंगभूमीवर आली. तेव्हापासून तिची रूपांतरे थांबलेली नाहीत. हौशी मंडळींना ती सोयीची आहे हे उघड आहे : लहानमोठ्या भूमिका पुष्कळ, सर्व वयांना वाव, कथा सर्वांना पाठ. परंतु सोय आणि सार्थकता या भिन्न गोष्टी होत. स्क्रूजचे काम एका अनुभवी नटावर सोपवून बाकीच्यांना गाणी म्हणणारी गर्दी बनविले, तर लहान मुले शोभेपुरती उरतात आणि टायनी टिमची कुबडी केवळ डोळे ओले करण्याचे साधन होते. या दृष्टीने कथेतील एका प्रसंगाचे महत्त्व फार आहे. वर्तमान नाताळाचे भूत आपल्या झग्याखालून दोन मरतुकडी मुले दाखविते. त्यांची नावे ‘अज्ञान’ आणि ‘दारिद्र्य’. बालमजुरांच्या स्थितीवरील सरकारी अहवालाने डिकन्स १८४३ मध्ये अस्वस्थ झाला होता. त्या अस्वस्थतेचा गाभा येथे आहे. मुलांना संवाद नाहीत, करावयाचे आहे ते केवळ उभे राहणे. प्रेक्षकांच्या ओळखीची, खाऊनपिऊन सुखी घरची दोन मुले चिंध्यांत समोर येतात, तेव्हा ‘हे आपलेही मूल असते’ हा विचार उपदेशावाचून घडतो. हा प्रसंग वगळणारे रूपांतर मुलांना रंगमंचावर आणते खरे, पण त्यांच्याकडून काही सांगवून घेत नाही.

जान कार्लो मेनॉत्तीचा ‘अमाल अँड द नाइट व्हिजिटर्स’ हा संगीतिकेचा प्रयोग २४ डिसेंबर १९५१ रोजी न्यूयॉर्कहून एनबीसी दूरचित्रवाणीवर प्रथम झाला, आणि पुढे ही छोटी संगीतिका अनेक हौशी व शालेय मंडळींनी आपलीशी केली. अमालची भूमिका मुलानेच करावी, स्त्रीगायिकेने नव्हे, हा मेनॉत्तीचा आग्रह होता. आवाज फुटण्यापूर्वीची एकदोन वर्षेच मुलाला ही भूमिका साधते. त्यामुळे तिच्यात एक अटळ क्षणभंगुरता येते. निर्धन आई राजांचे सोने चोरू पाहते, पकडली जाते, क्षमा पावते. आणि लंगडा अमाल नवजात बाळासाठी आपली कुबडी देऊ करताच चालू लागतो. हौशी प्रयोगात या चमत्काराला निराळी छटा लाभते. कुबडी टाकून धावणारा मुलगा म्हणजे प्रेक्षकांनी रोज गल्लीत धावताना पाहिलेलाच मुलगा असतो. सोंग आणि माणूस त्या क्षणी एकरूप होतात. मात्र याच ठिकाणी संहितेची मर्यादाही जाणवते. जो मुलगा खरोखर कुबडीवर चालतो, त्याला या नाटकात नायक होता येत नाही; देणगीचे फळ म्हणजे व्यंगाचा नाश, असे समीकरण त्याच्यासमोर उभे राहते. या प्रश्नाला सामोरे न जाणारा दिग्दर्शक चमत्काराची किंमत दुसऱ्याकडून वसूल करीत असतो.

भूमिका कोणाला मिळते, हा प्रश्न बार्बरा रॉबिन्सन यांनी ‘द बेस्ट ख्रिसमस पॅजंट एव्हर’ (१९७२) या कादंबरिकेत केंद्रस्थानी आणला आणि पुढे तिचे नाटकही केले. चर्चच्या नाट्यप्रयोगात मरिया होण्याचा मान दरवर्षी एकाच सोज्ज्वळ मुलीला मिळत असतो. गावाने ओवाळून टाकलेली हर्डमनांची सहा दांडगट मुले त्या वर्षी मुख्य भूमिका बळकावतात. ख्रिस्तजन्माची कथा त्यांनी ऐकलेलीच नसते. म्हणूनच हेरोदाच्या क्रौर्याचा त्यांना खरा संताप येतो. आपल्याला धर्मादाय म्हणून मिळालेले डुकराचे मांस ती बाळाला भेट देतात. पण या कृतीच्या प्रयोगात एक विरोधाभास दडलेला आहे. हर्डमनांची कामे पुन्हा पाठांतरात हुशार, शिस्तीच्या मुलांनाच दिली आणि त्यांच्या दांडगाईवर हशा पिकविला, तर नाटक जे सांगते त्याचे खंडन त्याचे पात्रवाटपच करते.

यावर कोणी म्हणेल की, या विचाराने प्रत्येक चूक गुण ठरेल. तसे नाही. शब्द ऐकू आले नाहीत, तालीम अपुरी पडली, तर समोर केवळ शेजारी उरतो आणि सोंग नाहीसे होते. उलट भाड्याचे झगमगीत पोशाख आणि ध्वनिमुद्रित संगीत यांच्या ओझ्याखाली सोंग उरते आणि शेजारी नाहीसा होतो. दोन्ही प्रकारांत दुहेरी दर्शन भंग पावते. किंबहुना ते टिकवावयाचे, तर हौशी मंडळींना तालमीची गरज व्यावसायिकांहून कमी नाही.

तेव्हा अशा प्रयोगांची समीक्षा उपेक्षेनेही होणार नाही आणि कौतुकानेही. कौतुक ही उपेक्षेचीच सौम्य तऱ्हा आहे. ज्याच्याकडून काही अपेक्षाच नसते, त्याचेच बिनशर्त कौतुक होते. अभ्यासकाने प्रत्येक प्रयोगाविषयी तीन गोष्टी विचाराव्यात : भूमिका कोणाला दिल्या आणि कोणाला नाकारल्या, संहितेतून काय गाळले, आणि मुलांना रंगमंचावर काही करावयास दिले की केवळ उभे केले. या प्रश्नांची उत्तरे छापील संहितेत पुरी सापडत नाहीत. त्यासाठी तालमीच्या खोलीत जाऊन बसावे लागते.