हिग्ज कण ‘सम’ आहे, हे कशावरून?

हिग्ज कण २०१२ च्या जुलैत सर्न येथे सापडला. तेव्हापासून त्याच्यावरील लोकप्रिय लेखांत एक विधान हमखास आढळते: या कणाचा स्पिन शून्य आहे आणि सममितीच्या दृष्टीने तो सम आहे, हे २०१३ मध्ये सिद्ध झाले. विधानाच्या पूर्वार्धाबद्दल आमची तक्रार नाही. उत्तरार्ध मात्र वर्गात सांगण्यापूर्वी तपासून घ्यायला हवा.

ही सममिती म्हणजे सीपी. आरशातील प्रतिबिंब घ्यायचे आणि त्याच वेळी प्रत्येक कणाच्या जागी त्याचा प्रतिकण ठेवायचा. या दुहेरी बदलानंतर चिन्ह तेच राहिले तर कण सम, उलटले तर विषम. पण दोहोंचे मिश्रणही संभवते आणि खरी मेख तिथेच आहे.

२०१३ चा निष्कर्ष मुख्यतः हिग्ज → दोन झेड कण → चार लेप्टॉन या क्षयातील कोनांवर आधारलेला होता. शुद्ध विषम कण त्या कोनांत बसेना, हे खरे. मात्र विषम अंशाचा झेड कणांशी संबंध अतिशय क्षीण असणे अपेक्षित आहे. त्यामुळे मिश्रण असले तरी या वाटेने दिसणार तो बहुतेक सम अंशच! ज्या चाळणीतून फक्त तांदूळच पडतो, तिच्याखाली तांदूळच मिळाला म्हणून पोत्यात खडे नाहीत असे कसे म्हणावे?

टाऊ कणांची वाट अशी पक्षपाती नाही. हिग्जपासून दोन टाऊ निघतात तेव्हा दोन्ही अंशांना सारखाच वाव मिळतो. टाऊ लगेच क्षय पावतात, न्यूट्रिनो निसटतात आणि हाती लागतात ते पायॉनसारखे कण. त्यांच्यावरून दोन्ही क्षयांची प्रतले ठरवून त्यांच्यामधील कोन मोजतात. अनेक घटनांचा आलेख लाटेसारखा येतो. मिश्रण असेल तर ती लाट बाजूला सरकते. त्यावरून मिश्रणाचा कोन मिळतो: शुद्ध सम म्हणजे ० अंश, शुद्ध विषम म्हणजे ९० अंश. सीएमएस गटाने २०२२ मध्ये हा कोन –१ ± १९ अंश, तर ॲटलास गटाने २०२३ मध्ये ९ ± १६ अंश प्रसिद्ध केला. शुद्ध विषम ही शक्यता अनुक्रमे ३.० व ३.४ सिग्माने वगळली गेली. नव्या शोधासाठी ५ सिग्मांचा आग्रह धरणाऱ्या या शास्त्रात ‘सिद्ध’ हा शब्द इथेही जडच जातो.

आम्ही एवढा कीस काढतो याला कारण आहे. विश्वात द्रव्य उरले आणि प्रतिद्रव्य जवळजवळ नाहीसे झाले, याचा उलगडा करायला आजवर आढळलेला सीपी-भंग फार अपुरा पडतो. हिग्जमध्ये विषम अंश निघाला, तर सीपी-भंगाचा एक नवा उगम हाती येईल. आणि २० अंशांचे मिश्रण ॲटलासच्या मापनाशी अजूनही सहज जुळते.